बंदुकीचे यंत्र आणि हाताची उसंत



बंदूक ही वस्तू आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याच्या मांडीवर ती असते, मोर्चाच्या दोन्ही अंगांनी ती चालते, सव्वीस जानेवारीच्या संचलनात ती खांद्यावर असते. परंतु तिच्या आत काय घडते असे विचारले, तर बहुतेकजण एवढेच सांगतील की, चाप ओढला की गोळी सुटते. 'बटण दाबले की दिवा लागतो' असे म्हणण्यासारखेच हे उत्तर आहे. ते खोटे नाही, पण त्यातून काही कळतही नाही.

मी इंजिनियर नव्हे, आणि सैनिक तर मुळीच नव्हे. शाळा लवकर सुटली, लेथवर उभा राहिलो, आणि पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. जे काही वाचले ते सभा आटोपल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या आधाराने. तेव्हा बंदुकीची ही हकीकत मी कामगाराच्या नजरेने सांगणार आहे. तिचे सार आरंभीच सांगून टाकतो. बंदूक जसजशी सुधारत गेली, तसतशी एकेक कृती माणसाच्या हातातून निघून यंत्राकडे गेली, आणि कृतीबरोबर हाताची थोडी थोडी उसंतही गेली. बंदूक चालवणाऱ्याच्या बाबतीत हे घडले, आणि ती बनवणाऱ्याच्या बाबतीतही घडले. ह्या दोन हातांचा इतिहास एकच आहे, असे मला वाटते.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. दिवाळीत मुले फटाक्यावर पत्र्याचा डबा पालथा घालतात. फटाका उडाला की डबा वर उडतो. दारू जळली म्हणजे तिचा वायू होतो, वायूला दारूपेक्षा कितीतरी पट अधिक जागा लागते, आणि ती न मिळाली तर तो वाटेत येईल ते ढकलतो. बंदुकीची नळी म्हणजे एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडा असा एक लांबट डबा. बंद बाजूला दारू, तिच्यापुढे गोळी. वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच नेटाने बंदुकीला मागे ढकलतो. खांद्याला बसणारा धक्का तो हाच. ह्या धक्क्याची आठवण ठेवा. चारशे वर्षे तो खांद्याला नुसता त्रास देत होता, पुढे एका माणसाने त्यालाच कामाला लावले.

ह्या डब्यापाशी सोडवायचे प्रश्न चार. दारू व गोळी आत कशी घालावयाची, मागचे तोंड घट्ट कसे बंद करावयाचे, दारू हवी त्या क्षणी कशी पेटवावयाची, आणि बार झाल्यावर नळी पुन्हा कशी तयार करावयाची. बंदुकीचा सगळा इतिहास ह्या चार प्रश्नांत मावतो.

आरंभी चारही कामे हातानेच होत. ठासणीची बंदूक पुढच्या तोंडाने भरावी लागे. दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची आणि जामगी लावायची. तोड्याच्या बंदुकीत ही पेटती जामगी एका वाकड्या दांड्यात धरलेली असे, आणि चाप ओढला की दांडा रंजकेवर झुकत असे. पाऊस आला की जामगी विझे, आणि रात्री शत्रूला ठिणगी दिसे. म्हणून गारेची बंदूक आली. तिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरलेला असे. घोडा पोलादी पट्टीवर आपटला की ठिणग्या रंजकेवर पडत.

ह्या गारेच्या बंदुकीच्या बाजूला जे छोटेसे यंत्र बसवलेले असते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याचे तत्त्व आजच्या अत्याधुनिक रायफलीतही तेच आहे. त्यात मुख्य भाग तीन. एक जोरदार स्प्रिंग, घोड्याला जोडलेली एक खाचेची चकती, आणि त्या खाचेत अडकणारी एक खिट्टी. घोडा अंगठ्याने मागे ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि खिट्टी खाचेत बसते. चाप ही खिट्टी फक्त खाचेतून बाहेर काढतो. म्हणजे चाप काहीच जोराचे काम करीत नाही. काम आधीच हाताने केलेले असते आणि स्प्रिंगमध्ये साठवलेले असते, चाप ते सोडून देतो. घरातला उंदराचा सापळा ह्याच जातीचा. तो ताणून ठेवायला तुमचा जोर लागतो, सुटायला उंदराची दातभर ओढ पुरते. बंदुकीत मोठ्या घटनेला इतकी लहानशी हालचाल पुरते, त्याचे रहस्य ह्या खिट्टीत आहे.

आता हे यंत्र बनवणाऱ्याकडे पाहू. अठराव्या शतकात बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीने घासून घासून शेजारच्या भागाशी जुळवीत असे. परिणाम असा, की एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसत नसे. रणांगणात एक खिट्टी मोडली तर पुन्हा कारागीरच हवा. फ्रान्समधील ओनोरे ब्लां नावाच्या कारागिराने ह्यावर तोड काढली. साचे आणि मापे ठरवून त्याने असे भाग केले, की कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसावा. १७८५ साली अमेरिकेचे पॅरिसमधील वकील थॉमस जेफर्सन त्याच्याकडे गेले. त्यांनी ढिगातून हाताला येतील ते भाग उचलून स्वत: काही यंत्रे जोडली, आणि ती चोख बसली, असे त्यांनी मायदेशी कळवले. बंदुका कधी न घडवलेल्या माणसाने बंदुकीचे यंत्र जोडले, ही त्यातली खरी बातमी होय.

फ्रान्समध्ये हा प्रयोग फार टिकला नाही, अमेरिकेत तो रुजला. एलाय व्हिटनीने १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचा ठेका घेतला आणि नाव कमावले. त्याचे भाग खरोखर अदलाबदल होण्याजोगे नव्हते, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. ते काम खऱ्या अर्थाने साधले जॉन हॉल ह्याने, हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत. १८२०च्या दशकात त्याच्या रायफलींचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा बंदुका जोडून पाहण्यात आल्या, आणि तपासनिसांची खात्री पटली. मिलिंग मशीन आणि गेज ही त्याची साधने. आपल्या कारखान्यांतले 'गो' आणि 'नो-गो' गेज ज्यांनी हाताळले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पूर्वी भाग बरोबर आहे की नाही हे कारागिराचा डोळा आणि बोट ठरवीत असे. आता ते गेज ठरवू लागले.

ह्यात तोटा कोणाचा झाला? हार्पर्स फेरीचे जुने कारागीर उक्ते काम करीत. मन मानेल तेव्हा यावे, नग पुरे करावेत, जावे, अशी त्यांची रीत होती. शिस्त आणू पाहणाऱ्या टॉमस डन नावाच्या अधीक्षकाला १८३० च्या जानेवारीत कामावरून काढलेल्या एका कारागिराने गोळी घालून ठार मारले. त्या मारेकऱ्याला फाशी झाली. हा मार्ग कोणत्याही कामगार चळवळीचा नव्हे, आणि तसा तो कधी होऊही नये. परंतु १८४२ साली तेथील कारागिरांनी जे केले ते मात्र आपल्या ओळखीचे आहे. लष्करी अधिकारी कारखान्यावर आला आणि घड्याळाच्या ठोक्यावर काम सुरू झाले, तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली, कालव्यातून एक नाव भाड्याने घेतली आणि थेट वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष टायलर ह्यांच्या भेटीस गेले. राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि कामावर परत जाण्याचा सल्ला दिला. घड्याळ राहिले. शिष्टमंडळाच्या वाटेला जे नेहमी येते तेच त्यांच्या वाटेला आले.

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अशा अमेरिकन रायफली मांडल्या गेल्या. इंग्रज चकित झाले, त्यांनी आपली माणसे अमेरिकेस पाठवली, आणि एन्फील्डच्या सरकारी कारखान्यासाठी यंत्रे तिकडूनच मागवली. शिवणयंत्र, सायकल, मोटार ह्यांचे सुटे भाग आज कोणत्याही दुकानात मिळतात आणि बिनतक्रार बसतात. त्या सोयीचे मूळ बंदुकीच्या कारखान्यात आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

एन्फील्ड हे नाव आले, म्हणजे आपल्या देशाकडे वळणे भाग आहे. मध्यंतरी दोन सुधारणा झाल्या होत्या. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ हा पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकेचा भपका उठला की पक्षी उडून जात. त्याने ठोका बसताच स्फोट पावणाऱ्या रसायनाचा उपयोग करून १८०७ मध्ये पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली. जामगी, गार, रंजक तिघीही एकदम निकालात निघाल्या. दुसरी सुधारणा नळीच्या आतल्या पिळाची. आत नागमोडी खाचा पाडल्या की गोळी भोवऱ्यासारखी स्वत:भोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखीच स्थिर राहते. अडचण अशी होती की खाचांत घट्ट बसणारी गोळी पुढून ठासणे जिकिरीचे. फ्रान्सच्या मिनिए ह्याने १८४९ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली गोळी केली. ती सैल आत जाई, आणि बार होताच तिचे बूड फुगून खाचांत बसे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ह्याच तत्त्वावर चाले.

ह्या रायफलीचे काडतूस कागदाचे. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळी सहज सरकावी म्हणून वरून वंगण. कवायतीचा नियम असा, की काडतुसाचे टोक दाताने फाडावे. एक हात बंदूक धरण्यात गुंतलेला, म्हणून दात हा तिसरा हात. ह्या एका कृतीवर १८५७ साली काय घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचे आहे, ही वार्ता जानेवारीत डमडमच्या छावणीतून पसरली. सरकारने पुढे दाताऐवजी बोटाने फाडण्याची मुभा दिली, पण विश्वास उडाला होता. २४ एप्रिल रोजी मेरठ येथे पंचाऐंशी सवारांनी काडतुसे हातात घेण्याचे नाकारले. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, आणि १० मे रोजी मेरठ पेटले. उठावाची कारणे काडतुसापेक्षा पुष्कळ खोल होती. खालसा झालेली संस्थाने, जमीन, पगार, अपमान हे सारे त्यात होते. पण नकार देण्यासाठी एक ठिकाण लागते. भरण्याची कृती हातातोंडाशी होती, म्हणून नकाराला जागा मिळाली.

त्यानंतर बंदूक मागून भरली जाऊ लागली. प्रशियाच्या ड्रायझे ह्याने १८४० च्या आसपासच अशी बंदूक केली होती. तिचे मागचे तोंड दाराच्या कडीसारख्या सरकत्या बोल्टाने बंद होई. कडी उचला, मागे ओढा, काडतूस ठेवा, पुढे लोटा, फिरवून बसवा. १८६६ साली केनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाचे सैनिक जमिनीवर पडून बंदूक भरीत होते, तर ठासणीच्या बंदुकांचे ऑस्ट्रियन सैनिक उभे राहून गज चालवीत होते. निकाल काय लागला तो युरोपच्या नकाशावर दिसतो.

ड्रायझेच्या बंदुकीत एक उणीव होती. मागच्या फटीतून वायू निसटे आणि तोंडावर येई. तिच्यावर उपाय सापडला तो पितळी काडतुसाने. मला ह्या सबंध इतिहासात सर्वांत हुशारीची वस्तू कोणती असे विचाराल, तर मी पितळेची ही पुंगळी सांगेन. तिच्यात गोळी, दारू आणि टोपी तिन्ही एकत्र. बार झाला की पितळ फुगते आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटून फट बंद करते. दाब ओसरला की ते किंचित आकसते आणि पुंगळी सहज बाहेर येते. झाकण, डबा आणि आगपेटी अशी तिन्ही कामे एका पुंगळीने केली. मग मागच्या बोल्टाकडे उरले ते फक्त तिला आधार देण्याचे, मधल्या टोकदार पिनेने टोपीवर ठोका मारण्याचे, आणि एका आकड्याने रिकामी पुंगळी ओढून काढण्याचे काम.

१८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय ह्याने धूर अगदी कमी करणारी दारू तयार केली. ह्या दारूत जोर अधिक आणि काजळी कमी, म्हणून गोळी बारीक झाली आणि वेग वाढला. इतके साधल्यावर 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून आपल्या पोलिसांत पिढ्यान्‌पिढ्या ओळखली गेलेली ली-एन्फील्ड रायफल आली. तिच्या पोटाखालच्या पेटीत दहा काडतुसे मावतात. बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे लोटला की पेटीतले वरचे काडतूस नळीत. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने निघते. आतल्या खाचा दर दहा इंचांत एक फेरा देतात. हिशेब केला तर गोळी सेकंदाला जवळजवळ २९०० फेरे घेत जाते. गारेच्या बंदुकीचा कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. ली-एन्फील्डच्या शिपायाकडून नेम धरून मिनिटाला पंधरा गोळ्यांची अपेक्षा असे.

परंतु ध्यानात घ्या, प्रत्येक गोळीनंतर हाताला बोल्ट ओढावाच लागे. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर थोडी उसंत उरत असे.

ही उसंतही काढून घेतली हायरम मॅक्सिम ह्याने. हा मूळचा अमेरिकन, लंडनमध्ये येऊन राहिलेला. १८८४ साली त्याने खांद्याला बसणारा तो जुना धक्का कामाला लावला. बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना पकडूनच थोडे मागे सरकतात. गोळी बाहेर पडून दाब उतरला की गुडघ्यासारखा एक सांधा वाकतो, बोल्ट सुटून मागे जातो, पुंगळी काढतो, स्प्रिंग ताणतो. मग तीच स्प्रिंग बोल्ट पुढे आणते आणि पट्ट्यातले नवे काडतूस आत बसते. चाप धरून ठेवला आहे तोवर हे चक्र चालूच. मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्या. १८९८ साली सुदानमध्ये ओमदुर्मानच्या लढाईत अशा तोफा-बंदुकांपुढे एका सकाळी सुमारे दहा हजार सुदानी पडले. इंग्रजांच्या बाजूचे मृत पन्नासच्या आसपास. ह्याला लढाई म्हणायचे की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे.

जॉन ब्राउनिंग ह्या अमेरिकन कारागिराने दुसरी वाट काढली. नळीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत लवते, म्हणजे एवढी शक्ती फुकट चालली आहे, हे त्याच्या ध्यानात आले. नळीला छिद्र ठेवून त्यातला थोडा वायू वळवावा आणि त्याने एक दट्ट्या मागे ढकलावा, ही ती वाट. आजच्या बहुतेक लष्करी रायफली ह्याच तत्त्वावर चालतात. ह्यात कसब आहे ते वेळ साधण्याचे. दार आधी उघडले तर पेटता वायू आतच फुटेल, म्हणून दट्ट्याला थोडे अंतर रिकामे चालू देतात, आणि गोळी निघून गेल्यावरच बोल्ट फिरून सुटतो. एका ओढीत एकच गोळी, की चाप धरला तोवर गोळ्या, एवढाच मग फरक उरतो, आणि तो चापाजवळच्या एका छोट्या तुकड्याने ठरतो.

ह्या तत्त्वावर अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली रायफल जॉन गॅरंड ह्याची. हा कॅनडात जन्मलेला, लहानपणी कापडाच्या गिरणीत काम करणारा पोरगा. गिरणीतल्या यंत्रांपाशीच तो यंत्रकाम शिकला, आणि पुढे स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात नोकरीस लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या नमुन्याच्या चाळीस लाखांच्या आसपास रायफली तयार झाल्या. त्याने आपले हक्क सरकारला देऊन टाकले होते. पगारापलीकडे त्यातून त्याला काही मिळाले नाही. सोव्हिएत रशियाचा मिखाइल कलाश्निकोव हाही रणगाड्यावरचा जखमी सार्जंट, फारसे शिक्षण नसलेला. त्याच्या १९४७ च्या रायफलीचे भाग इतके सैलसर बसतात, की धूळ, चिखल, थंडी तिला अडवीत नाहीत. म्हणूनच ती सैन्यांबरोबर टोळ्यांच्याही हाती गेली. उतारवयात ह्या विचाराने तो अस्वस्थ झाला होता आणि तसे त्याने आपल्या धर्मगुरूला कळवले होते.

आता पुन्हा एकदा कारखान्यात येऊ. तोफांचे गाडे करणाऱ्या अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रशाळेत १९११ साली फ्रेडरिक टेलर ह्याची पद्धत आली. हातात थांबते घड्याळ घेऊन माणूस कामगाराच्या मागे उभा राहणार, प्रत्येक हालचाल सेकंदात मोजणार, आणि 'अनावश्यक' हालचाल काढून टाकणार. ओतशाळेतल्या एका मोल्डरने असे मोजून घेण्यास नकार दिला. ११ ऑगस्ट रोजी सारे मोल्डर बाहेर पडले. त्यांच्या अर्जात पगाराची तक्रार पहिली नव्हती. घड्याळ लावणे हे आम्हांस अपमानकारक वाटते, हा त्याचा रोख होता. संप आठवडाभर चालला. अमेरिकन लोकप्रतिनिधींनी चौकशी समिती नेमली, खुद्द टेलरची तिच्यापुढे उलटतपासणी झाली, आणि काही वर्षांनी सरकारी शस्त्रशाळांत अशा घड्याळी मोजणीवर पैसा खर्च करण्यास कायद्याने बंदी आली. ती पुढे पुष्कळ वर्षे टिकली.

मोल्डर दोन घावांच्या मध्ये जो श्वास घेतो, तो घड्याळवाल्याला वाया गेलेला वेळ वाटतो. पण त्याच श्वासात कामगार साचा बरोबर बसला की नाही ते पाहतो, शेजाऱ्याला सावध करतो, आणि कधी 'हे काम असे करू नये' असेही ठरवतो. मी इतकी वर्षे वाटाघाटींना बसलो, त्यांतले निम्मे तंटे पैशाचे होते आणि निम्मे ह्या श्वासाचे.

आपल्याकडेही हे कारखाने जुने आहेत. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बंगालमध्ये इशापूरला ली-एन्फील्ड रायफली होत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला, आणि त्याच वर्षी ह्या सेवांमधील संपाला मनाई करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा संसदेने केला. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा आजची नव्हे. काडतूस बनवणारा हातही अखेर हातच असतो, एवढे ध्यानात राहावे म्हणून हा उल्लेख.

उसंत ही नेहमी भल्याच्याच बाजूला असते, असे मात्र मी म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन मारेकऱ्यांच्या हाती कलाश्निकोव जातीच्या रायफली होत्या, आणि त्यांना तोंड देणाऱ्या काही शिपायांच्या हाती बोल्ट ओढण्याच्या थ्री-नॉट-थ्री. त्या रात्री ती उसंत रक्षण करणाऱ्याच्या वाट्याला आली, आणि मारणाऱ्याला तिची गरजच नव्हती. यंत्राचा हा फरक किती जीव घेऊन जातो, हे मुंबईने पाहिले.

म्हणून शेवटी दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवतो. दोन्हींत सैनिक हिंदुस्थानीच, आणि हातात बोल्ट ओढण्याच्या रायफली.

१३ एप्रिल १९१९, अमृतसर, जालियनवाला बाग. पन्नास सैनिकांनी सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या, ही नोंद हंटर समितीच्या अहवालात आहे. भागाकार केला तर दर माणशी तेहतीस. म्हणजे प्रत्येकाने तेहतीस वेळा बोल्ट ओढला, मध्ये पेटी पुन्हा भरली. मधूनमधून गोळीबार थांबवून गर्दी दाट असेल तिकडे रोख वळवण्यात आला. सरकारी हिशेबाने ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशीने हा आकडा त्याहून पुष्कळ मोठा मानला. उसंत होती, पण ती हुकमाने भरून काढली. डायरने मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्याही आणल्या होत्या. बोळ अरुंद म्हणून त्या आत गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर बहुधा वापरल्या असत्या, असे त्याने समितीला सांगितले.

दुसरा प्रसंग १९३० च्या एप्रिलचा, पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारातला. समोर खान अब्दुल गफारखानांचे नि:शस्त्र अनुयायी. रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांना गोळी चालवण्याचा हुकूम झाला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी तो मानला नाही. लष्करी न्यायालयाने चंद्रसिंहांना जन्मठेप दिली आणि इतरांनाही शिक्षा झाल्या. त्यांच्या रायफली बिघडलेल्या नव्हत्या. स्प्रिंग, खिट्टी, पिन सारे जागच्या जागी होते.

गोळी आत घालणे, तोंड बंद करणे, पेटवणे, पुंगळी काढणे, पुन्हा भरणे हे सारे यंत्राने आपल्याकडे घेतले. खिट्टी खाचेतून सुटावी की न सुटावी, हे पेशावरच्या बाजारात अजून माणसाच्या बोटाकडे होते. कारखान्यात असो वा रस्त्यावर, ते बोटाकडेच राहावे, आणि बोटाच्या मालकाला विचार करायला उसंत मिळावी, एवढ्यासाठी संघटना लागतात, कायदे लागतात, आणि आपल्यासारखे संध्याकाळी येऊन ऐकणारे, प्रश्न विचारणारे नागरिकही लागतात.